भाता बंद ठेवला होता

ये बाई, अशी जवळ ये. आणि तो फोन आधी पालथा ठेव. तुझी हीच एक खोड मला आवडली नाही. माणूस बोलत असतं आणि तू त्याच्या तोंडाकडं पाहायचं सोडून काचेकडं पाहतेस, आत आवाज भरून राह्यला की नाही म्हणून. मार्चात गेलीस ती गेलीस. अधूनमधून "आजी, कशा आहात?" असा निरोप येतो, खाली दोन फुलं चिकटवलेली. मी इकडून जोडलेल्या हातांचं चित्र पाठवते. झालं आपलं बोलणं! असं असतं का? जवळ ये म्हणते खरी, पण तू तिकडं शहरात आणि मी इकडं मेथीच्या वाफ्यात. म्हणून लिहायला बसले. चौथी शिकलेली बाई आहे मी. पुढचं लिहिणं नातीच्या पुस्तकांवरून आलं. कुठं बोलण्यातलं येईल, कुठं पुस्तकातलं. चालवून घे.

तू परवा कळवलंस की दिवाळी झाली की तुझं काम बांधून जमा करायचं आहे. तुझ्या वहीत माझी नात 'न शिकवलेल्या' पोरांत आहे. ते खोटं आहे. आणि तिच्या मनात त्याहून मोठं खोटं बसलं आहे. दोन्ही माझ्यामुळे. अर्धी गोष्ट तुला ठाऊक आहे, अर्धी मी लपवली. आता सगळीच सांगते, तुला ठाऊक असलेलीसुद्धा, कारण मधूनच धरली की माझा धागा तुटतो.

तू पहिल्यांदा आलीस ती जऊळक्याला उतरून, ऑटोनं. पाठीवर पिशवी, गळ्यात कानाला लावायच्या त्या दोन वाट्या. हेडमास्तर म्हणाले, पोरं गाणं कसं ऐकतात, कसं शिकतात, यावर ह्या मुलीचं मोठं शिक्षण चालू आहे. गावात गाणं शिकवणारं कोणी आहे का, विचारते. गावानं माझं घर दाखवलं. पंचमीला न् गौरीला पोरींची गाणी मीच बसवून देते, आणि पेटीही माझ्याच घरी.

ती पेटी सासऱ्यांनी कारंज्याहून आणलेली. यष्टीत सगळ्या वाटेनं मांडीवर धरून. गुरुवारी ओसरीत भजनाला माणसं जमायची. सासरे भिंतीला टेकून पेटी पुढ्यात घ्यायचे, आणि त्यांच्या बरोबर समोर आमच्या सैपाकघराचं दार. त्या दारात मी, तुरीच्या शेंगा सोलत. बायकांनी ओसरीत बसायची रीत नव्हती, पण शेंगा सोलायला कोण मना करणार? हात शेंगांत, डोळे त्यांच्या बोटांवर. सूर वर चढला की त्यांची बोटं माझ्या डाव्या अंगाला सरकायची, उतरला की उजव्या. किती वर्षं तशीच पाहिली. सासरे गेले, मंडळ मोडलं, तेव्हा एका दुपारी मी पेटी खाली काढली आणि त्यांच्यासारखी पुढ्यात घेऊन बसले. काहीच येईना. एक चाल निघेना. मग उठले आणि पलीकडं, भात्याच्या बाजूला जाऊन बसले. दारातून मला पेटी तशी दिसायची ना. डावा हात पेटीवरून पलीकडं टाकला, उजव्यानं भाता हलवला, आणि चाल निघाली. तेव्हापासून मी तशीच वाजवते.

तू ते पाहून तोंडावर हात धरलास.

"आजी, पेटी उलटी ठेवलीय तुम्ही."

"पेटी सरळच हाय माय. मी उलटी बसली."

मग तू हसलीस, मी हसले, आणि तू चारी बाजूंनी माझा फोटो-व्हिडिओ घेतलास. त्या वाट्या माझ्याही कानाला लावल्या. आत एक सूर वाजे, मग दुसरा. तू म्हणालीस, "दुसरा वर गेला तर हातानं दाखवा." मी दर वेळी हात डावीकडं नेत गेले, चुलीकडं. तुला वाटलं मी चहाचं विचारते आहे. उठून सांगायला लागलीस, "नको नको, आत्ताच झाला." आठवतं का? त्या दिवशी आपली मैत्री झाली. आणि त्याच दिवशी मी अडकले.

तू एक कागद पुढं केलास. त्यावर माझ्या नावापुढं छापलं होतं, 'संगीत शिक्षिका'. मी तो दोनदा वाचला. जिला ओसरीत बसू दिलं नाही तिच्या नावापुढं हे! मी खाली काय लिहिलंय ते न पाहता सही ठोकली. वाटलं होतं, शाळेतली सगळी पोरं माझ्यापुढं बसतील, त्यात माझी नातही बसेल. चौथीत होती. लेक-सून पुण्याला कंपनीत, म्हणून ती माझ्याजवळ. एप्रिलात परीक्षा झाली की तिला घेऊन जाणार होते. माझ्याजवळ तेवढेच महिने होते. पंचमी-गौरीची गाणी तिला येत होती, पण पेटी शिकवायची राहिली होती. 'अजून हात लहान हाय' म्हणत मी पुढं ढकलत आले होते. म्हटलं, आता शाळेतच शिकेल, चार पोरांत.

मग तू हेडमास्तरांच्या हातानं पोरांच्या नावांच्या चिठ्ठ्या काढल्यास, एक ह्या डबीत, एक त्या डबीत. अर्धी पोरं शिकायची, अर्धी नाही, आणि शेवटी दोन्हींची तपासणी. म्हणजे शिकवण्यानं कानात काय फरक पडतो ते कळतं. तुझं बरोबरच होतं. पण नातीचं नाव निघालं ते न शिकणाऱ्या डबीत. मी म्हटलं, हे एक तेवढं इकडचं तिकडं कर. तू माझा हात हातात घेतलास.

"आजी, एक बदललं तर सगळंच बदललं. चिठ्ठीला हात लावायचा नसतो."

आणि मग दोन अटी सांगितल्यास. संक्रांतीपासून मार्च संपेपर्यंत घरी गायचं नाही, वाजवायचं नाही, नातीच्या कानावर काही पडू द्यायचं नाही. आणि कोणती पोरं कुठं काहून बसवली ते पोरांना सांगायचं नाही. सांगितलं तर काही जास्त जोर लावतील, काही हिरमुसतील, आणि खरं ते दिसणार नाही. मी हो म्हटलं. आमच्या घरात शब्द दिला की दिला. पण बाई, मी काय दिलं ते मला दुसऱ्या दिवशी सकाळी कळलं.

सकाळी आम्ही मेथी-सांबार, म्हणजे तुमची कोथिंबीर, उपटून जुड्या बांधतो. मालेगावच्या बाजारात जायचा असतो माल. माझी जुडी गाण्यावर बांधली जाते, हे मलाच ठाऊक नव्हतं. एका ओळीत जेवढ्या काड्या हातात येतील तेवढी जुडी, ओळ संपली की सुतळीची गाठ. तोंड बंद केलं तर हाताला कळेना कुठं थांबायचं. एक जुडी मनगटाएवढी, एक बोटाएवढी. बाजारातली नेहमीची गिऱ्हाईक बाई म्हणाली, "मावशी, आज अर्ध्या जुड्या सवतीनं बांधल्या काय?"

गुणगुण निघू नये म्हणून तोंडात सुपारी धरायला लागले. झाडताना सुपारी, भाकर थापताना सुपारी. जाऊ शेजारीच राहते, कुंपणावरून तिचं चालूच असे.

"काहून वो बाई, तोंडात पाण्याची गुयणी धरली का?"

"दात दुखते."

"दोन महिने दुखते? मंग उपटून टाक. दात नाही तं जीभ, एक काही तरी उपट."

तिलाही खरं सांगता येत नव्हतं. तिच्या पोटात गोष्ट राहिली असती तर गावात बातम्या कमी झाल्या असत्या. रेडिओ मी कापडात बांधून फळीवर ठेवला. गाणं म्हणजे हवा आहे असं वाटायचं मला, कुठूनही आत येते. पण दारं-खिडक्या लावल्यासारखं घर झालं. मी माझ्याच घरात पाय न वाजवता फिरायला लागले.

आणि दुपारी? दुपारी समाजमंदिरात जाऊन दुसऱ्यांच्या पोरांपुढं मोकळ्या गळ्यानं गायचं. शाळेत आवाज जाऊ नये म्हणून तू ती जागा ठरवलीस. बाकीची पोरं तेवढा वेळ शाळेच्या खोलीत चित्रं काढायची. मी पेटी घेऊन शाळेसमोरून जायची तेव्हा खिडकीत नात उभी असायची. हात हलवायची नाही. नुसती पाहायची. तिकडं पोचल्यावरही मला ती खिडकीच दिसायची, आणि पहिलं गाणं फाटकंच निघायचं. तू एकदा विचारलंस, "आजी, पहिलं गाणं रोज का बिघडतं?" मी म्हटलं, खोकला.

आठ दिवस तिनं काही विचारलं नाही. मग एकदा जेवताना म्हणाली,

"आजी, तुह्या घशाले काही झालं का?"

"नाही माय."

"मंग घरी गाणं काहून म्हणत नाही?"

"मन नाही होत."

"तिकडं तं होते."

मी वरण वाढलं. ती भाकरीचा तुकडा तसाच धरून म्हणाली, "मले समजते. ज्याईले गाणं येते त्याईले तिकडं नेते. ज्याईले येत नाही त्याईले चित्रं काढाले लावते."

"कोणं सांगतलं तुले?"

"सांगाले कायले पाह्यजे?"

चिठ्ठी होती गं माय, नुसती चिठ्ठी, एवढंच म्हणायचं होतं. जिभेवर आलेलं मी पाण्याच्या घोटाबरोबर गिळलं. त्या रात्रीच नाही, पुढं रोज गिळलं. तुला फोन केला होता ना मी? एका पोरीचं काही करता येईल का म्हणून? तू म्हणालीस, "आजी, दोन-तीन महिन्यांचा तर प्रश्न आहे." तुझे ते दोन-तीन महिने होते. माझ्याजवळ होतेच तेवढे.

आता लपवलेलं सांगते.

पेटी रोज पुसायची माझी सवय. शाळेतून ती आली की मी ओसरीत पेटी पुसत बसे. भात्याची कडी लावलेली. एक दिवस पुसता पुसता फडकं खाली ठेवलं आणि डावा हात तसाच पट्ट्यांवर गेला. भाता बंद, त्यामुळे आवाज नाही, नुसती लाकडाची टकटक. सासरे भजनाच्या आधी एक चाल वाजवायचे. तिला शब्द नव्हते, नावही नव्हतं, पेटी गरम करायची चाल म्हणायचे. ती मी कोणापुढंच वाजवली नव्हती. नातीसाठी राखून ठेवली होती. तीच बोटांत आली. मान वर करून पाहते तर नात समोर येऊन बसलेली. डोळे माझ्या बोटांवर.

मी थांबायला पाहिजे होतं. नाही थांबले. मनाशी म्हटलं, कानावर पडू द्यायचं नाही हे ठरलं आहे. कानावर कुठं काय पडतं आहे? असं मी मलाच फसवलं. दुसऱ्या दिवशी पुन्हा. तिसऱ्या दिवशी पुन्हा. ती यायची, दप्तर ठेवायची, समोर बसायची. मांडीखालच्या गोणपाटावर तिची बोटं हलायला लागली. मग एका दिवशी मी वळणावर जरा अडले, म्हातारं बोट, आणि पुढची पट्टी माझ्याआधी तिनं दाबली. बरोबर पट्टी होती. आम्ही एकमेकींकडं पाहिलं. मी फडकं उचललं आणि पेटी पुसायला लागले, जशी काही मी चोरी करताना सापडले.

आणि एक गंमत बघ, मला ती फार उशिरा कळली. मी उलटी बसणारी. म्हणजे माझ्यासमोर जो बसेल तो पट्ट्यांच्या बाजूला, वाजवणाऱ्याच्या जागेवर. सासऱ्यांची जागा ती. मी जे उलट्या बाजूनं शिकले ते तिच्याकडं आपोआप सरळ होऊन जात होतं.

मार्चाच्या शेवटी तू तपासणी घेतलीस. एकेक पोरगं आत, कानाला वाट्या. संध्याकाळी ओट्यावर बसून तू मला तुझ्या संगणकावर दोन रेघा दाखवल्यास. एक चढत गेलेली. "ही तुमची मुलं, आजी!" आणि दुसरी जमिनीला धरून. "आणि ही न शिकलेली. जिथं होती तिथंच." तू किती खूश होतीस! तुझे मोठे सर कडक आहेत, दोनदा काम परत पाठवलं त्यांनी, आता काही म्हणणार नाहीत, असं सांगत होतीस. मी त्या सपाट रेघेकडं पाहत होते. तिच्यात माझी नात होती. मी चहा केला. तू ऑटोत बसून गेलीस.

दुसऱ्या दिवशी सकाळी माझा शब्द संपला. मी भात्याची कडी काढली.

"ये, बस. वाजव."

"मले येत नाही."

"रोजची बोटं फिरव नुसती. भाता मी पाह्यतो."

तिनं पहिली पट्टी दाबली, मी भाता ओढला, आणि सूर निघाला. तिनं हात असा मागं घेतला जसा तवा लागला. पेटीच्या आत वाकून पाहिलं. मग पुन्हा बोट ठेवलं. आणि बाई, ती अख्खी चाल तिनं काढली. वळणावर दोनदा अडली, तेवढंच. माझ्या डोळ्यांपुढं ओसरी, भजन, सगळं... जाऊ दे. मी रडले नाही, भाता धरून होते.

पण तिचा चेहरा काही वेगळाच. अर्ध्यातच थांबली.

"आजी, हे असं वाजते?"

"असंच वाजते."

"मले वाटलं..." आणि तिनं तोंडानं गाऊन दाखवलं. इतके दिवस आवाज न ऐकता बोटं फिरवताना तिच्या डोक्यात जे वाजत होतं ते. बोटं जिथं थांबायची तिथंच ती थांबे, श्वासही तिथंच घ्यायची. चाल मात्र अगदी दुसरी! कुठं शाळेतल्या प्रार्थनेचं वळण, कुठं कुल्फीवाल्याचा भोंगा, बाकी कोणाचंच नाही. माझ्या कानानं असं कधी ऐकलं नव्हतं. तू म्हणायचीस ना, पोराच्या आत काय ऐकू येतं ते बाहेरून सापडत नाही? ते माझ्या ओसरीत बाहेर आलं होतं, आणि तुझा फोन तिथं नव्हता.

मी आनंदानं काही बोलणार, तेवढ्यात ती म्हणाली, "म्हंजे माहं सगळं चुकलं. म्हणूनच मले तिकडच्या खोलीत बसवलं."

मी तिला धरलं, सांगितलं. चिठ्ठी होती, डबी होती, हेडमास्तरांच्या हातानं निघाली, तिच्या कानाचा काही संबंध नाही. सगळं सांगितलं. ती ऐकून घेते आणि म्हणते कशी, "तू आजी हाय म्हणून म्हणतं. मॅडमनं सांगतलं असतं तं गोष्ट येगळी."

तीन महिने मी गप्प राहिले. त्या गप्पपणावर तिचा विश्वास बसला होता, आता माझ्या बोलण्यावर बसेना. दार उघडून दिलं तरी आतच बसून राहिली ती.

मी तुला फोन लावायला तीनदा घेतला. लावला नाही. काहून? तुझी सपाट रेघ मोडेल, तुझे सर काम तिसऱ्यांदा परत पाठवतील, हे एक. दुसरं सांगायला लाज वाटते. तो 'संगीत शिक्षिका' लिहिलेला कागद पेटाऱ्यात घडी करून ठेवला आहे. शब्द मोडणारी बाई म्हणून तू तो परत मागशील, असं वाटलं.

एप्रिलात ती गेली. तिकडच्या शाळेत गाण्याचा तास आहे, पेटी आहे, तबला आहे. गाणं नाही तर चित्रकला, दोन्हीतलं एक घ्यायचं होतं. फोनवर मी विचारलं, काय घेतलं? म्हणाली, "चित्रकला घेतली आजी. मले तेच बरं."

इतकी वर्षं दारात बसून शिकले मी, पण मला कोणी 'तुले येत नाही' असं सांगितलं नव्हतं. नुसतं बसू दिलं नव्हतं. तिला मी बसू दिलं नाही आणि सांगितलंही नाही, आणि तिनं आपल्या मनानंच ते सांगून घेतलं.

तर आता तुझ्या वहीत काय लिहायचं ते तू ठरव. तिचं नाव खोडायचं तर खोड, आजीनं शब्द मोडला असं लिहायचं तर लिही, माझ्या सहीखाली लिही. कागद परत पाहिजे तर तोही देते, घडी मोडलेली नाही. सरांपुढं माझं नाव घे, मला त्यांची भीती नाही. पण तिला तोंडानं सांगायला तू पाहिजेस. त्या चिठ्ठ्या तू टाकल्या नसशील, तू दोरा न् टाचणीही जपून ठेवणारी पोरगी आहेस. ती डबी घेऊन ये. तिच्यासमोर पालथी कर. तिचं तिला वाचू दे.

ती दिवाळीला येते आहे, भाऊबीजेपर्यंत राहील. आणि तिच्या डोक्यातली ती चाल मी रोज जुड्या बांधताना म्हणून पाहते, जपून ठेवावी म्हणून. पण अर्धी निसटली माझ्या हातून, उरलेल्या अर्ध्यात माझंच काही तरी मिसळायला लागलं आहे. तिला आठवत असेल तेवढी तिच्याच तोंडून ऐक. तेव्हा तुझा फोन सरळ ठेव, मी काही म्हणणार नाही. जऊळक्याला उतरलीस की ऑटोवाल्याला 'पेटीवाली आजी' एवढंच म्हण, तो दारात आणून सोडेल. तुझी सतरंजी ओसरीत टाकून ठेवते. मी माझ्या बाजूला बसेन, ती तिच्या. ये बाई. काम बांधायच्या आधी ये, लवकर ये.